गढूळ पाझर

दुष्काळानंतर तळं पहिल्यांदाच काठोकाठ भरलं, आणि मातीच्या बांधाखाली, कुजलेल्या निलगिरीच्या मुळापाशी, ग्लेनिसला पाझर दिसला. पाणी गढूळ होतं. म्हणजे बांध आतून पोखरला जात होता, आणि खाली ओढ्याकाठच्या घरात शेजारचा म्हातारा मर्व्हिन अंथरुणाला खिळलेला.

बांधाच्या कडेने चर खोदून पाणी हळूहळू सोडायला ती ट्रॅक्टरवर चढली. नवरा कॉलिन आडवा आला.

"सांडवा खोदलास तर सगळं पाणी जाईल! मेंढ्यांना काय पाजू, माझं रक्त?"

"आणि मर्व्हिन?"

"त्याला उचलून आणू!"

"तोवर बांध टिकेल? बाजूला हो, कॉलिन!"

ती रडत ट्रॅक्टर पुढे नेत राहिली. अगदी शेवटी तो हटला.

संध्याकाळी बांध उभा होता. तळ्यात नुसता गाळ उरला होता. काठावर मेंढ्या ओरडत होत्या आणि घरात कॉलिन, तिच्याकडे न बघता, खाटकाला फोन लावत होता.