गीतपत्रिकेच्या पाठीवर

आमच्या अँग्लिकन चर्चचा एक नियम आहे. लग्न ठरलं की तीन रविवार भर प्रार्थनेत दोघांची नावं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारायचं. तीन म्हणजे तीन. शिवाय प्रत्येक वेळी वेस्ट्रीतल्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीतल्या, वहीत नोंद करायची. नोंद नाही तर लग्न नाही.

आत्याचं लग्न येत्या शनिवारी होतं. चर्चच्या फाटकासमोर तिचं शिवणाचं दुकान. त्रेचाळीस वर्षांची झाली, इतरांच्या लग्नाचे झगे शिवून मान दुखवून घेतली, आणि आता कुठे स्वतःचा शिवायला घेतला होता. नवरदेव बोटीवर आचारी. सोमवारी बोट सुटणार, ती नऊ महिन्यांनी परत. शनिवार हुकला की सगळंच बोंबललं. आणि शनिवारी एकटीने गाणार होते मी. कॉयरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, पुढच्या रांगेत आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत, असं आईचं म्हणणं.

त्या रविवारी तर पाय अजिबातच जागेवर राहत नव्हता.

"आवर तो पाय," शेजारची चष्मेवाली पुटपुटली. "मला वाटलं भूकंप."

पाळकसाहेबांनी आत्याचं नाव वाचलं, नवरदेवाचं वाचलं, आणि म्हणाले, "ही दुसरी घोषणा. कुणाची हरकत असल्यास आताच सांगावं."

दुसरी? मागच्या रविवारी ते तापाने झोपून होते, म्हणून निवृत्त झालेले म्हातारे पाळक आले होते. दुसरी त्यांनी वाचली होती. माझ्या कानांनी ऐकली होती मी.

मी उभी राहिले. "माझी हरकत आहे."

अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. आत्याच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. बाबांनी कपाळाला हात लावला.

"लग्नाला नाही," मी घाईघाईने म्हणाले. "आकड्याला. ही तिसरी आहे."

पाळकसाहेबांनी आवंढा गिळला. महत्त्वाचं बोलण्याआधी ते नेहमी गिळतात. "वहीत एकच नोंद आहे. प्रार्थनेनंतर वेस्ट्रीत ये."

मग उपदेश. तो संपेच ना. मी गीतांच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत होते, सरळ करत होते, परत दुमडत होते. कारण पुरावा त्याच पुस्तकात होता. कॉयरमध्ये बोलायला बंदी, म्हणून चष्मेवाली आणि मी गीतपत्रिकेच्या पाठीवर लिहून गप्पा मारतो. मागच्या रविवारची पत्रिका, तारीख छापलेली, जशीच्या तशी माझ्याकडे होती.

"ती दाखवलीस तर शनिवारचं गाणं विसर," चष्मेवाली कुजबुजली. "खाली काय लिहिलंय आठवतंय ना?"

"मीच लिहिलंय."

वेस्ट्रीत पाळकसाहेबांनी म्हाताऱ्या पाळकांना तीनदा फोन लावला. ते काही उचलेनात. लोकांना विचारलं, तर जो तो "वाचली असावी" म्हणे. बाबा म्हणाले, "मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो."

"घोरत?" आत्याने विचारलं.

"'असावी'वर मला नोंद करता येत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तिसरी पुढच्या रविवारी वाचू. लग्न त्यानंतर."

"त्यानंतर नवरा समुद्रात असेल."

आत्या एवढंच बोलली. तिच्या बाहीला एक टाचणी टोचलेली असते. ती तिने काढली, परत टोचली, परत काढली. मला ते बघवेना. मी पत्रिका पुढे केली.

"'आत्याचं नाव झालं,'" पाळकसाहेबांनी मोठ्याने वाचलं. "'दुसरी. आता एकच उरली.'" पुढचं ते मनातल्या मनात वाचू लागले. मी खुंटीवरच्या कॉयरच्या झग्यांकडे बघत राहिले. माझा झगा शेवटचा.

"'हे म्हातारे बरे. आपले साहेब नाव वाचण्याआधी असा आवंढा गिळतात, जसा काही घशात बेडूक अडकलाय.'" त्यांनी मान वर केली. "हा बेडूक कुणाचा?"

"माझा."

दाराआड चष्मेवालीने मोठा श्वास सोडला.

पाळकसाहेबांनी लेखणी उघडली आणि मागच्या रविवारची नोंद केली. मग खणातून डिंक काढला. "हा कागद वहीत चिकटवावा लागेल. पुरावा म्हणून. या वह्या शंभर-शंभर वर्षं जपतात."

"बेडकासकट?" आत्याने विचारलं.

"बेडकासकट. सकाळची मी चुकीची वाचली, संध्याकाळी तिसरी म्हणून नीट वाचतो."

"आणि माझं गाणं?" विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"गा की. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असेन. तुझे आवंढे मोजेन."

संध्याकाळी आत्या पहिल्या बाकावर बसली. तिच्या बाहीची टाचणी आता शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या कोटाला होती. पाळकसाहेबांनी घसा न हलवता दोन्ही नावं वाचली. "ही तिसरी घोषणा. कुणाची हरकत असल्यास..."

ते थांबले. आणि अख्ख्या चर्चने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसून राहिले. पाय मात्र हलत होता.