आच्छादनाचा अर्थ

मागच्या जानेवारीत आलेल्या एका पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. दारव्ह्याकडच्या भीमसिंग तांड्यावरून आलेलं आंतरदेशीय पत्र. सही सोनीबाई आडे यांची, मजकूर त्यांच्या मुलीच्या, बबिताच्या हातचा.

"काकाजी, नमस्कार. बचत गटात तुमचं पुस्तक मिळालं. पान नऊवर लिहिल्याप्रमाणे याडीनं, म्हणजे आईनं, घरामागं सहा गादीवाफे केले आणि त्यांच्यावर वर्षभर आच्छादन ठेवलं. बांबू रोवून प्लास्टिकचं छप्पर केलं, पावसाळ्यातही काढलं नाही. बोअरचं पाणी देतो. आधी भाजी चांगली आली. आता माती वरून पांढरी पडली, मेथी उगवते आणि जळते. शेजारी म्हणतात, वाफे मोडा. याडी म्हणते, ज्यानं पुस्तक लिहिलं त्याचं उत्तर येईपर्यंत मोडत नाही. लवकर कळवा."

खाली मोबाइल नंबर होता.

पुस्तक म्हणजे सोळा पानांची पुस्तिका. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या पुस्तकांतून वेचून ती लिहिली. मातीला हात लावला नव्हता. पान नऊवर वाक्य आहे : 'वाफ्यांवर आच्छादन कायम असू द्यावे.' मला म्हणायचं होतं, मातीवर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरून ठेवावं. मी शब्दकोश काढला. आच्छादन : झाकण, छप्पर, पांघरूण. म्हणजे सोनीबाईंनी काही चुकीचं वाचलं नव्हतं. पत्र त्याच पानात ठेवून मी कोश मिटला.

उत्तर द्यायचं तर चूक कबूल करायची, आणि पुढे काय करायचं तेही सांगायचं. दुसरं मला ठाऊक नव्हतं. एकदा फोन लावला. दुसऱ्या रिंगला धीर सुटला आणि बंद केला. लगेच तिकडून आला.

"कोण बोलून राह्यलं?" बाईमाणसाचा आवाज.

"चुकून लागला," मी म्हणालो.

"चुकून लागला त ठेवा ना मंग."

मी ठेवला.

मे महिन्यात मी लोहाऱ्यातल्या माझ्या घरामागे विटा रचून दोन वाफे केले. इथली जमीन नुसता मुरूम. तळाला पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे तुकडे, त्यावर विकतची माती आणि शेणखत. एका वाफ्यावर प्लास्टिकचं छप्पर केलं, दुसरा उघडा ठेवून मातीवर कुटार पसरलं. पाणी दोघांना बोअरचंच. भांडी घासायला येणाऱ्या शकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"याच्यावर मांडव कायले, काकाजी? वांग्याचं लग्न आहे काय?"

"प्रयोग आहे."

"अन् त्या दुसऱ्यानं काय घोडं मारलं?"

दिवाळीपर्यंत छपराखालच्या वाफ्यावर पांढरा थर आला. मला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. ही बुरशी असणार असं मी धरून चाललो. आठवडाभर बुरशीवरची पुस्तकं चाळली, भिंग घेऊन वाफ्यापाशी बसलो. आठव्या दिवशी शकुबाई आल्या, बोटानं थर उचलला आणि जिभेला लावला.

"अहो, विषारी असेल," मी म्हणालो.

"खारट आहे जी. बोअरचं पाणी उकळलं का गंजाच्या बुडाले पांढरं बसते ना, तेच हे. रोज घासतो मी ते भांडं."

"मग दुसऱ्या वाफ्यावर का नाही?"

"त्याच्यावर पाऊस पडला, खार धुऊन खाली गेला. याच्यावर तुम्ही मांडव धरून बसले."

मी छप्पर काढलं. वाफ्याच्या तळाशी दोन विटा काढून पाण्याला वाट केली. आठ दिवस, नळ आला की वाफ्यात बादल्या ओतत राहिलो. नळाचं पाणी धरणाचं, त्यात खार कमी. मग चार टोपली शेणखत मिसळलं, मेथी पेरली आणि ओळींच्या मधून कुटार पसरलं.

"हे काय टाकून राह्यले?"

"आच्छादन."

"पांघरूण म्हणा ना सरळ. कोणाले समजते ते आच्छादन?"

तेव्हा मी त्यांना पत्राची गोष्ट सांगितली. फोनचीसुद्धा. त्यांनी हातातली कढई खाली ठेवली.

"किती दिस झाले?"

"दहा महिने."

"अन् ते बाई वाफे तसेच ठेवून बसली असंन त?"

"मेथी नीट आली की लिहितो. पुन्हा चुकीचं सांगायला नको."

"तुमची मेथी येईन तवा येईन. तिले तवरिक काय, माती पाहत बसायची?"

तरी मी थांबलो. ती आणखी एक चूक असेल. मेथी उगवली, चार पानांवर आली, जळली नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं आणि शकुबाईंना वाचून दाखवलं. 'क्षार' शब्दावर त्यांनी थांबवलं. मी तो खोडून 'खार' केलं.

"सोनीबाई, वाफे मोडले नसतील तर मोडू नका. मोडले असतील तर तो दोष माझा. आच्छादन म्हणजे छप्पर नव्हे, मातीचं पांघरूण, असं मी लिहायला हवं होतं. मृगाच्या आधी प्लास्टिक काढा. वाफ्याच्या तळाशी पाणी जायला वाट करा. पावसाळाभर पाणी वरून पडू द्या, ते खार घेऊन जाईल. मग शेणखत घाला, पेरा, आणि रोपांच्या मधून कुटार पसरा. माझ्या एका वाफ्यात मेथी आली आहे. सहा वाफ्यांचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. मागच्या वर्षी चुकून लागलेला फोन माझाच होता. पुन्हा लावेन, या वेळी बोलेन. नंबर खाली दिला आहे."

"शेवटचं बरं लिहिलं," शकुबाई म्हणाल्या. "आता टाकून या. का मी येऊ संगं?"

मी एकटाच गेलो. पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, 'चार टोपली शेणखत' हे प्रमाण लिहायचं राहिलं. मी फटीतून बोटं आत घालून पाहिली. पोहोचली नाहीत.