लांबतोय

मामांनी हात वर केला आणि पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबलं. एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभी होती. तिने शेगडीवरची किटली नुकतीच उचलली होती आणि चहाची धार कपाच्या वर अधांतरी राहिली होती.

"हा शॉट काढा," मामा म्हणाले.

माहितीपटाची संकलक ताई सकाळपासून एकेक सूचना मुकाट्याने टिपून घेत होती. आता तिचं पेन थांबलं.

"हा? ह्यात काय आहे?"

"लांबतोय."

"लांबतोय म्हणजे?"

"लांबतोय म्हणजे लांबतोय. अख्खा काढ."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. तिथे छोटू बसला होता. छोटू म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ आणि ह्या माहितीपटाचा दिग्दर्शक. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच झाला तरी घरातलं नाव त्याला स्टुडिओतही चिकटलं होतं. तो एकदा बोलायला लागला की कुणाला आवरत नसे, म्हणून आज तोंड उघडायचं नाही असं ताईने त्याला घरूनच बजावून आणलं होतं.

माहितीपट मतमोजणीवर होता. पडद्यावरची बाई शाळेत शिकवायची. मोजणीच्या कामावर तिला बोलावणं आलं होतं, आणि मतपेट्यांची सीलं निघायच्या आत निकालाचे कागद सह्या होऊन तयार होते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सगळं तिने कॅमेऱ्यापुढे सांगितलं. अट एकच घातली, चेहरा दिसता कामा नये आणि आवाज ओळखता येता कामा नये. तिच्याआधी एक कारकून असंच कुणाशी तरी बोलला होता. त्याला चौकशीसाठी म्हणून नेलं, तो अजून घरी आलेला नव्हता. बाईंना दोन लहान मुलं होती. काही होणार नाही, असा शब्द ताईने त्यांना स्वतः दिला होता.

पहिल्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन कंपनीच्या मॅडम बसल्या होत्या. कंपनी समुद्रापलीकडची. तिने आधी इथली चित्रपटगृहं घेतली, मग स्टुडिओ घेतले, आणि आता तिने मान डोलावल्याशिवाय साधी साबणाची जाहिरातसुद्धा पडद्यावर लागत नसे. इथल्या राजकारणाशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त देशाच्या अध्यक्षांची मर्जी सांभाळायची होती. कुठे काय खुपेल हे तिकडच्या लोकांना कसं कळणार? म्हणून त्यांनी इथलाच एक जाणता माणूस सल्लागार म्हणून नेमला होता.

तो जाणता माणूस म्हणजे मामा. सगळा सिनेधंदा त्यांना मामाच म्हणायचा, आणि निर्मात्यांना मामा बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. संकलक म्हणून मोठं नाव. ताई कात्री धरायला शिकली ती त्यांच्याच हाताखाली. कंपनी आली तेव्हा तिच्या दारात पाय ठेवायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि पहिली सही केली ती मामांनी. तेव्हापासून ताई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

"अध्यक्षांचं नाव काढा म्हणालात, काढते म्हटलं," ताई म्हणाली. "ट्रकचे नंबर, हॉलचं दार, शेवटचं भाषण, सगळ्याला हो म्हटलं. पण एक बाई चहा ओततेय, मामा. तिने तुमचं काय घोडं मारलंय?"

"मला तर छान वाटला हा शॉट," मॅडम लॅपटॉपमधून मान वर करत म्हणाल्या. "किती शांत आहे."

"शांतच आहे. लोक झोपतील," मामा म्हणाले. "मॅडम, लांबी मला कळते म्हणूनच मला ठेवलंय ना तुम्ही? पुढे चला."

तेवढ्यात छोटूचा बांध फुटलाच. "तुमच्यासारखी माणसं घरात असली तर बाहेरच्यांना कष्टच नाहीत हो, मामा!"

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. "उद्या सकाळी पाचही कट करून आणा," ते म्हणाले. "मग बघू."

स्टुडिओच्या मागच्या अंगाला ताईची खोली होती. दोन मॉनिटर, एक टेबल आणि दोघांना बसता येईल एवढी जागा. छोटू तिथे येरझाऱ्या घालत होता, म्हणजे दोन पावलं टाकून भिंतीला लागत होता.

"ताई, अगं, हे तर आपल्या पथ्यावरच पडलंय! नाव काढलं म्हणून ओरडलो तर लोक म्हणतील, कायदा असेल बुवा. पण चहा? फक्त तो शॉट दे मला. खाली एक ओळ टाकतो, ह्यांना चहा ओतणारी बाईसुद्धा चालत नाही. संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचेल बघ. सगळे हसतील त्यांना. हसण्यावर कुणाची कात्री चालते?"

ताईला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिचा राग एवढा टिपेला पोचला होता की छोटूने गच्चीवरून पत्रकं उधळू म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती. तो शॉट तिचा होता. साक्ष देऊन झाल्यावर बाई काही न बोलता उठल्या होत्या आणि चहा करू लागल्या होत्या. ती शांतता चित्रपटात ठेवायची की नाही ह्यावरून बहीणभावात आठवडाभर भांडण झालं होतं आणि ताई जिंकली होती. तिने शॉट वेगळा काढून केबलने छोटूच्या फोनवर उतरवला. खोलीत रेंज नव्हती, म्हणून तो फोन घेऊन धावतच गच्चीकडे गेला.

एकटी उरल्यावर ताईने शॉट पुन्हा लावला. खरंच लांबतोय का? तिने अगदी परक्यासारखा पाहिला. नव्हता लांबत. जिथे संपायला हवा तिथे तो संपत होता. आणि हेच तिला खटकलं. मामा लाचार झाले असतील, विकले गेले असतील, पण त्यांना लांबी कळत नाही असं त्यांचा वैरीही म्हणाला नसता. कापायला दुसरं काहीही कारण सांगता आलं असतं. मग हेच का?

तिला मामांची जुनी खोली आठवली. तिथे मागे एक सोफा असायचा आणि सोफ्यावर कायम कुणीतरी उपरा बसलेला असायचा, निर्माता, वितरक, नाहीतर नटीचा भाऊ. मामांचा दंडक होता, उपऱ्यासमोर चूक दाखवायची नाही. एकदा राजवाड्याच्या खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला राहिला होता. सोफ्यावर निर्माता होता. मामा एवढंच म्हणाले, "लांबतोय." शॉट डोळ्याची पापणी लवेल एवढाच होता. निर्माता गेल्यावर पोरांनी तो पुढेमागे करून पाहिला तेव्हा टॉवेल सापडला आणि सगळे हसून लोळले. मग खोलीत ती रीतच पडली. मामा 'लांबतोय' म्हणाले की तोंड बंद ठेवायचं, पाहुणा गेला की चित्रात नको ते काय आलंय ते शोधायचं.

ताईने खुर्ची पुढे ओढली.

तिने शॉट पहिल्यापासून एकेक चित्र करत पुढे सरकवला. भिंत. पाठ. अंबाडा. खिडकीवरचा पडदा. कुठे पत्ता नाही, कुठे नाव नाही, मुलांची चित्रं बाईंनी आधीच भिंतीवरून काढून ठेवली होती. बाईंचा हात किटलीकडे गेला. किटली उचलली गेली, थोडी फिरली, आणि तिच्या घासून लख्ख केलेल्या पोटावर काहीतरी आलं. ताईने ते मोठं केलं. जरा फुगलेला, जरा वाकडा, पण अख्खा चेहरा होता. चष्मा, रुंद कपाळ, हनुवटीवरचा तीळ. ज्याने त्यांना एकदा पाहिलं असेल त्याला लगेच ओळखू येईल असा. इतके महिने हा शॉट तिने शेकडो वेळा पाहिला होता. ती हात बघत होती, वाफ बघत होती.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. ती जिना चढत सुटली. एकेक मजला संपता संपेना. बाईंची मुलं शाळेतून आली असतील एव्हाना, असं काहीतरी मनात येत होतं आणि ती ते ढकलत होती.

छोटू कठड्याला टेकून फोनवर ओळ लिहीत होता.

"टाकलंस?" तिने दारातूनच विचारलं.

"थांब गं, 'ओतणारी' बरं की 'पाजणारी'..."

तिने फोन त्याच्या हातातून हिसकावून घेतला. त्याला काही सांगण्याऐवजी शॉट लावला, किटलीपाशी थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

छोटूने पाहिलं. मग तो तिथेच गच्चीच्या फरशीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "मी आत्ता दाबणार होतो."

"माहितीये."

"शब्द अडला म्हणून राहिलं. नुसता एक शब्द अडला म्हणून."

एवढा वाढलेला तिचा भाऊ गुडघ्यांत डोकं घालून बसला. ती त्याच्या शेजारी टेकली. जरा वेळाने दोघं खाली गेली आणि जिथे जिथे तो शॉट होता तिथून तिथून त्यांनी तो पुसला. शेवटची प्रत पुसताना ताईने मॉनिटरकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम उत्साहात होत्या.

"मी काल तिकडे फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्या चहाच्या शॉटवर कलाकारांचं मन दुखावलंय. ते म्हणाले, ठेवा. बघा, आम्ही काही कलेचे शत्रू नाही. बाकीचे चार कट राहू देत, तो शॉट मात्र परत घाला. आणि आत्ता एकदा लावा, काल मी नीट पाहिला नाही. मोठ्या पडद्यावर बघायचाय मला."

मामा पडद्याकडे पाहत होते. त्यांच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"तो नाहीये आता," ताई म्हणाली.

"नाहीये म्हणजे? मूळ असेलच की तुमच्याकडे."

"नाही." ताईने कालच्या सूचनांची वही पुढे केली. "मामांनी काढा म्हटलं, आम्ही काढला. आणि काढला की आमच्याकडे ठेवत नाहीत."

मॅडमची बोटं लॅपटॉपवरून उचलली गेली. त्यांनी एकदा ताईकडे आणि एकदा मामांकडे पाहिलं. "काल ह्याच शॉटसाठी तुम्ही एवढं भांडलात," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि आज देतेय तर नको?"

मागे खुर्ची करकरली आणि ताईने डोळे मिटून घेतले. छोटू उठून पुढे आला. मॅडमसमोर उभा राहिला, आणि मग मामांकडे वळला.

"माझं चुकलं, मामा," तो म्हणाला. "काल मी नको ते बोललो. रात्रभर विचार केला. शॉट लांबतच होता. मला माझ्या कामाचा पुळका आला होता." मग मॅडमना म्हणाला, "मला तो नकोय. दिग्दर्शक मी आहे ना? माझ्या चित्रपटात मला तो शॉट नकोय."

आयुष्यात कुणाची माफी न मागितलेला पोरगा मान खाली घालून उभा होता. मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू गेला, आणि मग त्या हसल्या. असा नमलेला माणूस त्यांना बघायला आवडत असावा.

"समजुतीने घेतलं की सगळं कसं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. मग आता असं करू, त्या बाईंचं बोलणंही निम्मं करा. तेही जरा जास्तच होतंय. काय, मामा?"

ताईने मामांकडे पाहिलं. आता तरी ते काहीतरी बोलतील, हा भाग नको म्हणतील, असं तिला मनापासून वाटलं.

"निम्मं करा," मामा म्हणाले. "मोजणीच्या हॉलचा सगळा भाग जाऊ दे."

व्हरांड्यात ताईने त्यांना गाठलं. मॅडम पुढे निघून गेल्या होत्या. मामा काठी टेकत सावकाश चालले होते. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते आणि त्यांची गचांडीही धरावीशी वाटत होती.

"मामा, काल..."

"काल काय? शॉट कापायला सांगितला, तू कापलास. त्याचेच मला पैसे मिळतात."

"आणि आज? बाईंनी जीव मुठीत धरून सांगितलं होतं ते सगळं. निम्मं केलंत तुम्ही."

"केलं," मामा म्हणाले. दूर मॅडम कुणाशी तरी फोनवर हसत बोलत होत्या. त्या आवाजाकडे कान देत ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पुसलास?"

"हो."

"सगळीकडून?"

"सगळीकडून."

मामांनी मान हलवली. पुढे निघाले, दोन पावलं गेले आणि वळले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाला नुसतं बरं म्हटलं होतं, त्याच्यावर कधी गेले नव्हते.

"पोरी, फार चांगला होता गं शॉट," ते म्हणाले.

मग ते काठी टेकत मॅडमच्या मागे गेले. ताई तिथेच व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि छोटू शोधत येईपर्यंत रडत राहिली. मग दोघं खोलीत गेली, आणि तिने बाईंचं बोलणं कापायला घेतलं.