अतिय्याचा डबा

मी बुलाक बंदरावरचा एक तांब्याचा डबा. कैरोच्या तांबटांनी मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि अतिय्या नावाड्याने मला विकत घेतलं. त्याच्या होडीत दोरखंडांशेजारी माझी जागा होती. दुपारी झाकण उघडलं की तो शेजारच्या होडीतल्या मुफ्लिहला हाक मारायचा, "ये रे भुकेल्या, नाहीतर नजर लावशील." दोघांचे हात माझ्यात एकदमच पडायचे.

त्याच मुफ्लिहने एका सकाळी, धक्क्याला होडी कुणाची आधी लागायची यावरून, अतिय्याला सुरा मारला. काझीपुढे त्याने काही लपवलं नाही. "मीच मारला," म्हणाला.

जिवाच्या बदल्यात जीव मागायचा, रक्ताचा मोबदला घ्यायचा की माफ करायचं, हे ठरवण्याचा हक्क मेलेल्याच्या वारसाचा. वारस एकच, रजब, आणि तो अजून पाळण्यात. त्याची आई बाळंतपणातच गेलेली. काझीने सांगितलं, पोरगा वयात येऊन काय ते बोलेपर्यंत मुफ्लिहने तुरुंगात राहायचं.

रजबला त्याच्या मावशीने, वर्दाने, घरी नेलं. सोबत मलाही.

कैद्याचं जेवण त्याच्या घरून यायचं. मुफ्लिहला घर नव्हतं. तुरुंगाचा दरोगा वर्दाला म्हणाला, "बाई, हा उपाशी मेला तर तुमचा पोरगा मोठा होऊन जीव कुणाचा मागणार?"

तिने मला राखेने घासलं, बाकल्याच्या दाण्यांचं कालवण भरलं, वर भाकरी ठेवली. मला पाहताच मुफ्लिहने तोंड फिरवलं.

"हा डबा नको."

"दुसरा नाही माझ्याकडे. जेव. माझ्या रजबसाठी जगायचंय तुला."

घरी पाळणा हलवताना ती गुणगुणायची, मोठा हो राजा, बापाचा बदला घे. चुलीशेजारी बसून मी ते ऐकायचो.

सुरुवातीला ती मला आत सरकवून बाहेर उभी राहायची. मग मी रिकामा होईपर्यंत आत बसू लागली. आणि बसायचं तर माणूस गप्प किती बसणार?

"बाजारात मीठ मिळतं म्हणे हल्ली," तो म्हणायचा.

"जावई लागून गेलास. कांदा खा आणि गप्प बस."

मग उठता उठता तो विचारायचा, "मिसरूड फुटलं का पोराला?"

"कुठलं. शेंबूड पुसता येत नाही अजून."

दोघंही हसायचे. माणसं कशावर हसतात, हे मला कधी नीट कळलं नाही. त्याचे केस पांढरे झाले, तिचे गुडघे धरू लागले. पाळण्यातलं ते गाणं कधी बंद झालं, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी रजबला पाणी देताना तिची नजर त्याच्या वरच्या ओठावर थांबली. त्या दिवशीही ती तुरुंगात म्हणाली, "कुठलं." पुढेही तेच म्हणत राहिली. पण रजब आपला आपण काझीकडे गेला.

बोलावणं आलं तेव्हा ती तुरुंगाकडेच निघाली होती. म्हणून मीही तिच्या मांडीवर होतो, भरलेला.

"बाळ," काझी म्हणाला, "माफ केलंस तर अल्लाला ते अधिक आवडेल. घाई करू नकोस."

रजबने मागे वळून मावशीकडे पाहिलं. "खाला, काय सांगू?"

तिने तोंड उघडलं.

"तिला विचारू नकोस," काझी म्हणाला. "हक्क तुझ्या एकट्याचा आहे. इथे दुसऱ्या कुणी बोलायचं नाही."

माझी कडी तिने इतकी आवळली की ती वाकली.

"मग लहानपणापासून ऐकलंय तेच," रजब म्हणाला. "जिवाला जीव."

ती तुरुंगात गेली. मुफ्लिहने विचारलं, "काय म्हणाला?"

"आधी जेव."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि जेवायला बसला. भाकरीने माझा तळ पुसून घेतला.

"आज मीठ बरोबर पडलंय."

"हो," ती म्हणाली.

झाकण तिला बसवता येईना. त्यानेच लावून दिलं.

आता मी खुंटीवर असतो. रजब होडीवर जातो. सकाळी निघताना तो मला मागतो, आणि वर्दा म्हणते, "तो नको. गळतो तो." मग ती त्याला फडक्यात भाकरी बांधून देते.

मी गळत नाही. कल्हईवाला दारावरून गेला तर कृपा करून त्याला मला दाखवू नका. तो हातात घेताच सांगून टाकेल.