एकास एक

सरोजानं घरातून आकडे हद्दपार केले होते. म्हणायला सोपं आहे हो, करून बघा एकदा. 'दोन घास खाऊन घ्या' म्हणायला तोंड उघडावं आणि नुसतंच 'खाऊन घ्या' म्हणून मिटावं. 'सतरा वेळा सांगितलं' म्हणायचं नाही, 'चार लोकांत कसं दिसेल' म्हणायचं नाही, भाजी करपली तर 'तीन तेरा वाजले' असं स्वतःशी पुटपुटायचीही सोय नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिनं कपाटामागे सरकवून दिलं. घड्याळ मात्र राहू दिलं, कारण ते काढलं असतं तर व्यंकटेशरावांना कळलं असतं की हिला सगळं कळलंय.

व्यंकटेशराव म्हणजे तिचा नवरा. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका शाळेत उभा जन्म गणित शिकवून रिटायर झालेला माणूस. घराणं तंजावरकडचं, दोघांचंही. मराठी बोलतात ती तमिळच्या चालीवर, मध्येच 'सरी' आणि 'अय्यो' पेरत. उन्हाळ्यात त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा पाय थोडा ओढत राहिला, बोलणं गेलं आणि हळूहळू परत आलं. आकडे तेवढे परत आले नाहीत. सात लिहून दाखवला तर ती वळणदार रेघ त्यांना दिसायची, पण ती मोठी की छोटी, किती माणसांची, किती आंब्यांची, काही उमजत नसे. डॉक्टरांनी सरोजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असं होतं कधी कधी, येतील किंवा येणारही नाहीत. येणारही नाहीत म्हणजे काय? गणिताच्या मास्तराला? सरोजाला त्या डॉक्टरांचा इतका राग आला होता की त्यांचे आभार मानायचेही राहून गेले.

ते स्वतः यातलं अवाक्षर बोलले नाहीत. घड्याळासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, बंद पडलंय वाटतं. मुलाचा फोन आला की तिच्या हातात द्यायचे. मग एक दिवस हॉलमधली त्यांची वेताची खुर्ची त्यांनी आपली आपण ओढत आतल्या खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून ते तिथंच. सरोजाला भीती एकाच गोष्टीची होती. पाय सुधारेल, तोंडाची चव येईल, पण या माणसाला लाजच खाऊन टाकील. आज आतल्या खोलीत बसलाय, उद्या भिंतीकडे तोंड करून निजेल आणि परवा तिच्याशीही बोलायचा थांबेल. तिला ते परत हॉलमध्ये हवे होते, कुणाला तरी काहीतरी समजावून सांगताना, थोडे चिडलेले.

आणि समजावून घ्यायला कीर्ती टपलेलीच होती. कीर्ती वरच्या मजल्यावरची, नागपूरची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून इकडे आलेली, केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेला बसणारी आणि गणिताला वाघासारखी घाबरणारी. झटक्याआधी ती त्यांच्याकडे शिकायला यायची. सर इंग्रजीत शिकवत, ही मराठी शब्द सांगत असे. 'सेट'ला संच म्हणतात हे ऐकून ते इतके खूश झाले होते की दिवसभर घरात ज्याच्या त्याच्या नावानं संच करत सुटले. संख्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे पळवले. सगळ्यात छोटा डबा नैसर्गिक संख्यांचा, तो पूर्ण संख्यांच्या डब्यात, तो पूर्णांकांच्या, तो परिमेय संख्यांच्या. सरोजाचे मोहरी-मेथीचे डबे दोन दिवस गणितात अडकले होते आणि तिनं चांगलं तोंड सोडलं होतं. आता मोहरी काढताना तिला ते आठवायचं. सगळ्यात आतला डबाच हरवला होता ना.

झटक्यानंतर कीर्ती दर आठवड्याला दारात यायची. सरोजा तिला कॉफी द्यायची आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय म्हणून वाटेला लावायची. कीर्तीही शहाणी, पुस्तक ओढणीखाली लपवून आणायची आणि तसंच परत न्यायची. आतल्या दाराच्या फटीतून ते हे ऐकत असणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

अशात नवरात्र आलं. कोलू मांडणं भागच होतं. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, संध्याकाळी बायकांना हळदीकुंकू, खोबरं घातलेल्या हरभऱ्याचं सुंडल आणि निघताना प्रत्येकीला तांबूलाची पिशवी: पानं, सुपारी, नारळ, ब्लाउजपीस. पायऱ्या विषमच हव्यात, म्हणजे दरवर्षी ते मोजणार आणि दरवर्षी तेच सांगणार. यंदा तिनं कीर्तीला बोलावून ते गुपचूप उरकलं. पिशव्या सकाळीच भरून तिनं आतल्या खोलीत त्यांच्या खुर्चीशेजारी रांगेनं ठेवल्या, कारण जागा तेवढीच होती.

संध्याकाळी बायका लोटल्या. नेहमीच्या तर आल्याच, पण सर आता कसे आहेत ते बघायला म्हणून एरवी न येणाऱ्याही आल्या. सरोजा सुंडलचे द्रोण भरतेय, कीर्ती वाटतेय, कुणी निघायला उठतेय. त्या गडबडीत, इतक्या वर्षांची सवय ती, सरोजा हॉलमधून खणखणीत आवाजात बोलून गेली: "अहो, आतल्या पिशव्या पुरतील का सगळ्यांना? जरा मोजून सांगा ना."

बोलली आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं. हातातला द्रोण तिनं तसाच खाली ठेवला. आत धावायला वळली, तर नेमकं त्याच वेळी राजसबाईंनी देवीपुढं पद धरलं. राजसबाई म्हणजे त्यांच्या समाजातल्या सगळ्यात वयस्क, आणि त्या गात असताना घरच्या बाईनं उठून जायचं म्हणजे अपमानच. सरोजा बसली. कडव्यावर कडवं चाललं होतं, आणि त्या पदाला इतकी कडवी कुणी घातली असतील त्याला मनात शिव्या देत ती बसली. आतून काही आवाज नव्हता.

मग दार उघडलं. व्यंकटेशराव बाहेर आले, हातात कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेऊन. बायकांनी पदर सावरून वाट दिली. कुणाकडे न बघता, पाय ओढत, ते थेट बाहेरच्या दाराकडे गेले आणि दिसेनासे झाले. सरोजाला वाटलं, गेले. चारचौघींत अपमान केला मी, आता हा माणूस जिना उतरून कुठं जाईल देव जाणे. तिनं कीर्तीकडे बघितलं आणि कीर्ती त्यांच्यामागे धावली.

राजसबाईंचं पद एकदाचं संपलं. सरोजा दारात पोचली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. बाहेर बायकांच्या चपलांचा ढीग पडलेला, व्यंकटेशराव उंबऱ्यावर बसलेले, आणि चपलांच्या प्रत्येक जोडाला ते एक चिमटा लावत होते. ऐन नवरात्रात, कपड्यांचे चिमटे, चपलांना! तिच्या ओठावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिनं गिळलं. परीक्षेचे पेपर तपासताना असायचा तसा तो चेहरा होता. असा तिनं तो उन्हाळ्यापासून बघितला नव्हता.

सगळ्या जोडांना चिमटे लागले. मग त्यांनी ते काढून, एकही न सांडता, उरलेले चिमटे ओतून रिकाम्या केलेल्या टोपलीत जमवले आणि आत निघाले. कीर्ती आणि सरोजा मागोमाग. चपलांचे चिमटे पिशवीला लागले तर सरोजा काय म्हणेल याची त्यांना कल्पना होती, म्हणून त्यांनी प्रत्येक पिशवीसमोर जमिनीवर, हातभर अंतर राखून, एकेक चिमटा मांडायला सुरुवात केली.

कीर्तीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती म्हणाली, ही तर एकास एक संगती आहे, सर, आणि पुस्तकात हेच वाचून वाचून तिचं डोकं फुटलं होतं.

"मला मोजता येत नाही, कीर्ती," व्यंकटेशराव म्हणाले. दार उघडंच होतं, हॉलमधल्या बायकांना ऐकू जात होतं, आणि त्यांनी आवाज खाली आणला नाही. "आकडे गेले सगळे. कुणी पाच म्हटलं की मला नुसता आवाज ऐकू येतो. पण मोजायला यायच्या आधीही माणसं होतीच ना. त्यांनी काय केलं? या ढिगातला एक, त्या ढिगातला एक, असं जोडत गेली. काही उरलं नाही तर दोन्ही सारखे. पाच हे मग ठेवलेलं नाव आहे. एका हाताच्या बोटांशी जे जे जुळतं, त्या सगळ्यांचं मिळून एक नाव. ते नाव मी विसरलोय. जुळतं की नाही ते मला अजून दिसतं."

सरोजा दाराला धरून उभी राहिली. इतके महिने तिनं आकडे लपवले, जीभ आवरली, आणि हा माणूस इथं बसून आपलं दुःखच समजावून सांगत होता, तेही उदाहरण देऊन. तिला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आवरेना.

चिमटे मांडत ते शेवटच्या पिशवीपाशी आले. पिशवी संपली आणि हातात एक चिमटा उरला.

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून नजर फिरवली, प्रत्येक पिशवीसमोर चिमटा आहे ना ते बोटानं बघितलं. होता. तरी एक उरत होता. कीर्ती बाहेर जाऊन चपला बघून आली आणि अगदी हळू म्हणाली की सर, कोपऱ्यातली जी निळी जोडी आहे ना, ती पाहुणीची नाही, ती काकूंची आहे. सकाळी फुलं घेऊन आल्यावर सरोजानं ती तिथंच काढली होती.

त्यांचा चेहरा उतरला. घड्याळासमोर उभे असताना उतरायचा तसाच, आणि सरोजाला वाटलं, झालं, आता खुर्ची फिरवणार आणि मला म्हणणार दार लाव. तिनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली की चूक तिचीच आहे, चप्पल तिनं आत ठेवायला हवी होती, यजमानीण कधी तांबूल घेते का, एवढं काय त्यात.

व्यंकटेशरावांनी तो चिमटा बोटांत फिरवला. मग सरोजाकडे बघितलं.

"नाही चुकलं," ते म्हणाले. "संच करताना कोण आत, कोण बाहेर, ते आधी ठरवावं लागतं. मी ठरवला, या घरी आलेल्या बायका. तूही आलीसच की. तुझी पिशवी भरायची राहिली, इतकंच."

इतकी वर्षं सरोजा दारात उभी राहून बायकांच्या ओट्या भरत आली होती आणि शेवटची बाई जिना उतरली की कोलूसमोरचा कचरा झाडत आली होती. कीर्तीनं स्वयंपाकघरातून नारळ आणला, देवीपुढची पानं उचलली, ब्लाउजपीस सापडेना तेव्हा स्वतःच्या पिशवीतलं काढलं. हॉलमधून राजसबाईंनी हाक मारली की आणा तिला इथं, पाटावर बसवा. मग सरोजा आपल्याच घरात पाहुणीसारखी पाटावर बसली. कीर्तीनं तिला हळदकुंकू लावलं, आणि सरोजानं पदर पुढं करून नारळ नि पानं त्यात घेतली. काय हे, लोकांसमोर, असं ती म्हणत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

व्यंकटेशराव आतल्या खोलीच्या दारात चौकटीला टेकून हे बघत उभे होते. बायका निघाल्या, एकेकीला पिशवी मिळाली, एकही कमी पडली नाही. सगळ्यात शेवटी कीर्ती निघाली. चप्पल पायात सरकवताना तिनं भीत भीत विचारलं की सर, उद्या पुस्तक घेऊन येऊ का.

सवयीनं सरोजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"ये," व्यंकटेशराव तिच्या आधी म्हणाले. "आकडे तू म्हण. बाकीचं मी सांगतो."

आणि वेताची खुर्ची ओढत ते हॉलमध्ये घेऊन आले.