मोड आलेला दाणा

गौराने दारातच मूठ उघडून दाखवली. आत नागलीचं तांबूस पीठ होतं.

“एवढंच हाय घरात. दाणा एक नाय. तुझ्याकडं?”

चंदना ओट्यावर फडक्यात पसरलेले मोड आलेले दाणे परतत होती. कडेवर सात महिन्यांची प्रतिक्षा. तिने पटकन फडक्याचं टोक दाण्यांवर ओढलं आणि मान हलवली. गौराने फडक्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

“राहू दे,” ती म्हणाली. “तिचं सत्व तिलाच होऊ दे.” आणि पिठाची मूठ आवळून ती सभेच्या मांडवाकडे निघून गेली.

मुठीतून मत द्यायची ही रीत चंदनाच्या सासूने, हौशीबाईंनी पाडलेली. तेव्हा चंदना अंगणवाडीत पाटी पुसत असेल. त्या काळी सभेत बाया पुरुषांच्या पाठीमागे बसत. पाण्याचा विषय निघाला तरी बोलायचं पुरुषांनी, हंडे वाहायचे बायांनी. हौशीबाईंनी चार वर्षं भांडून ठरवून घेतलं की पाणी भरते तिने पाण्याचं ठरवायचं. पण वर केलेला हात नवऱ्याला दिसायचा आणि घरी गेल्यावर तोच हात पिरगळला जायचा. म्हणून टोपली आली, वर लुगडं झाकलेली. ‘हो’ म्हणायचं तर नागलीचा दाणा, ‘नाही’ म्हणायचं तर उडदाचा. मूठ आत जायची आणि मोकळी होऊन बाहेर यायची, कोणी काय टाकलं ते टोपलीलाच ठाऊक. पुढे हौशीबाई पंचायत समितीवर निवडून गेल्या, पाच वर्षं मोखाड्याला खुर्चीत बसल्या. आता साठी उलटल्यावर त्या पाड्यापाड्यांतली भांडणं मिटवत पायी हिंडत. म्हातारीला घरात करमत नाही, असं लोक म्हणत.

यंदाचं भांडण मात्र त्यांच्या घरातच शिरलं होतं. दिवाळीनंतर झऱ्याला पाइप जोडण्यावरून वरचा पाडा आणि खालचा पाडा भिडले. दगड उडाले. हौशीबाईंचा थोरला जगन, त्याचा पाय मोडला. दगड मारला बुध्याने असं सगळे सांगत होते, आणि बुध्या हा चंदनाचा सख्खा भाऊ. पोलीस केस झाली. वरच्या पाड्याच्या पुरुषांनी ठरवलं, खालच्या पाड्याशी येणं-जाणं बंद. जाईल तिचं घर वाळीत. चंदनाचं माहेर ओट्यावरून दिसायचं. ओहोळापलीकडे कौलं, कौलांतून निघणारा धूर. धूर निघाला की आई चुलीशी आहे एवढं तिला कळायचं. आईने प्रतिक्षाला पाहिलं ते दोन महिन्यांची असताना. त्यानंतर पोर पालथी पडायला लागली, आणि वजनाच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात घसरली. यातलं काहीच चंदनाच्या आईला, बायडीला, ठाऊक नव्हतं.

हौशीबाईंनी ठराव मांडला होता : झरा एकाआड एक दिवस वाटून घ्यायचा आणि जाणं-येणं उघडायचं. मतं आज होती.

पण मागचे तीन दिवस त्या केससाठी जव्हारला अडकल्या आणि इकडे पाड्यातल्या तरुणांनी टेम्पो आणला. दळण फुकट, म्हणाले. बाया खूश झाल्या, त्यांनी होती नव्हती ती नागली स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवली. संध्याकाळी पीठ आलं. कोणाकडे दाणा उरला नाही हे सकाळी मुठी भरताना लक्षात आलं. पेरणीचं बी होतं, पण ते शेणमातीने लिंपलेल्या कणगीत. रोहिणीच्या आधी लिंपण फोडलं तर पीक जातं असं इथे मानतात, आणि फोडलेलं लिंपण लपतही नाही.

टेम्पो ज्यांनी आणला त्यांत चंदनाचा नवरा हरेशही होता. सकाळी त्याने तिच्या तळव्यावर उडदाचा दाणा ठेवला आणि स्वतःच तिची बोटं मिटली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

“दादाचा पाय रोज बघतेस ना?” एवढंच तो म्हणाला.

मोड आलेली नागली पाड्यात फक्त तिच्याकडे आहे हे तिला कळत होतं. सत्व करण्याएवढं तान्हं दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हतं. गौराला ओंजळभर दिली असती तर ती बायाबायांत वाटली गेली असती. पण टोपलीतल्या एकेका दाण्याने चंदनाचं नाव घेतलं असतं. ती बी.ए. झाली होती, इतकं तिला सहज कळत होतं. कळून तिने फडकं झाकलं होतं.

मांडवात एक्केचाळीस बाया होत्या. पुरुष कडेला उभे होते, रीतीप्रमाणे लांब. गौराने बसल्या जागेवरून विचारलं, “हौशीआई, पीठ चालंल का?”

बाया हसल्या. हौशीबाईही हसल्या. “पीठ मोजायचं कसं गं? नेम दाण्याचा हाय.” बोलता बोलता त्यांनी पुढच्या बायांच्या मुठींकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून तांबूस भुकटी गळत होती. त्यांनी कडेला उभ्या हरेशकडे पाहिलं. तो चपलेने माती उकरू लागला. नेम त्यांनीच वीस वर्षं पाळायला लावला होता. त्यांनी टोपली पुढे सरकवली.

चंदनाची पाळी आली तेव्हा मुठीतला उडीद घामाने ओला झाला होता. प्रतिक्षाने चोखून ओली केलेली मूठ तिच्या गालावर आपटली. त्या चिमुकल्या मुठीला एक दाणा चिकटला होता. सकाळी फडक्यावर हात मारला असेल. दाण्याला दोऱ्यासारखं पांढरं शेपूट. चंदनाने तो दोन बोटांत धरला, लुगड्याखाली हात घातला आणि सोडला. उडीद कमरेच्या ओच्यात खोचला. छाती इतकी धडधडत होती की पोर कुरकुरली.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. उडीद बावीस. उडीद संपले तेव्हा टोपलीच्या तळाला नागलीच्या पिठाचा थर दिसला, त्यावर बायांच्या बोटांचे ठसे. हौशीबाईंनी पिठात हात फिरवला आणि थांबल्या. वर पाहिलं नाही. काहीतरी तळव्यावर घेऊन त्यांनी अंगठ्याने चोळलं, सत्वाची नागली चोळतात तसं. पांढरा मोड पिठात पडला, पिठाचा झाला.

“नागली, एक,” त्या म्हणाल्या.

“पीठ मोजायचं नाय, आई,” हरेश लांबून म्हणाला. “नेम तुझाच.”

“माझाच. ठराव पडला.”

घरी येऊन त्यांनी टोपली चुलीशी ठेवली. “याची भाकर कर.”

चंदनाने पीठ चाळलं नाही. अठरा बायांचं पीठ, त्याची एकच जाड भाकर झाली. हौशीबाईंनी ती फडक्यात बांधली, पायात वहाणा घातल्या आणि चंदनापुढे दोन्ही हात पसरले.

“पोर दे. बायडीला दाखवून आणते.”

हरेश उंबऱ्यात आडवा उभा राहिला. “आई, घर वाळीत पडंल.”

“मी गेली म्हणून टाका मला वाळीत. या पोरीनं तर अजून मत पण दिलं नाय.”

“जाऊ दे रे तिला,” आतून खाटेवरून जगन म्हणाला. “पाय माझा मोडलाय.”

हरेश बाजूला झाला. चंदनाने पोर सासूच्या हातात दिली, तिची टोपी नीट केली, पुन्हा नीट केली. वाकताना ओच्यातला उडीद निसटला आणि टुणकन उडून हरेशच्या पायाशी गेला. त्याने उडदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अंगणात शेजारच्या बाया उभ्या होत्या. त्याने दाण्यावर पाऊल ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

चंदना बांधापर्यंत गेली. तिथून पुढे तिला जाता येत नव्हतं. हौशीबाई सावकाश उतरत होत्या, कडेवर प्रतिक्षा, हातात फडकं. ओहोळ ओलांडताना लाल टोपी एकदा हलली, मग पलीकडच्या कुडाआड गेली. माहेरच्या कौलांतून धूर निघत होता. थोड्या वेळाने तो थांबला. आई चुलीपासून उठली असावी.

पाजायची वेळ झाली होती. चंदनाची चोळी समोरून भिजत गेली. पदर ओढून घेऊन ती बांधावरच उभी राहिली.