दोन तासांची रेघ

"टिपणीसजी, ये ट्यूब चलाने को आपसे कहा किसने था?"

डॉ. खन्नांनी फोटो टेबलावर आपटला. काळ्या कागदावर एक पांढरी रेघ होती. नसायला हवी होती नेमकी तिथेच.

"किसी ने नहीं, सर," हरिदास टिपणीस म्हणाले. "खाली बैठा था."

ते खरंच होतं. निवृत्तीला नऊ दिवस उरलेल्या तंत्रसहायकाला कोणी काम सांगत नाही. दोन दिवस त्यांनी नुसता चहा प्यायला, तिसऱ्या दिवशी फ्रीजरमधले उरलेले नमुने काढले आणि करायची राहून गेलेली पडताळणी करून टाकली.

दिल्लीला समुद्र नाही, पण त्या सरकारी संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर तीन वर्षं कोळंबीच्या एका रोगावर काम चाललं होतं. तळ्यात वाढवलेली कोळंबी आठवडाभरात साफ करणारा विषाणू. कोळंबीत शिरल्यावर त्याची सगळी जनुकं एकदम जागी होत नाहीत. आधी मोजकी, मग बाकीची. पहिली कोणती, हे खन्नांची विद्यार्थिनी वैभवी तिच्या पीएचडीसाठी शोधत होती. आंध्राच्या किनाऱ्यावर कोळंबीला विषाणू टोचायचा, दोन, सहा आणि चोवीस तासांनी कल्ले काढायचे, ते बर्फात घालून विमानाने दिल्लीला पाठवायचे. पुढचं सगळं टिपणीसांच्या हातचं.

आणि दोन तासांतच जागं होणारं एक जनुक वैभवीला सापडलं होतं! गुरगावच्या एका नव्या कंपनीने त्यावर तपासणीचा संच काढायचं ठरवलं. परदेशी मासिकाने लेख स्वीकारला. लेखकांत तिसरं नाव होतं एच. टिपणीस. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यासाठी वैभवी खन्नांशी भांडली होती.

आणि आता ही रेघ.

जनुक जागं झालं की त्याचा आरएनए तयार होतो. तो शोधायचा तर नमुन्यात राहिलेला विषाणूचा डीएनए आधी नष्ट करावा लागतो. तो राहिला तर प्रती काढणारं यंत्र त्याच्याच प्रती काढतं, फोटोत रेघ उमटते आणि झोपलेलं जनुकही जागं दिसतं. म्हणून पडताळणीची एक नळी वेगळी चालवायची, आरएनए दिसूच शकणार नाही अशी. तिच्यात रेघ आली, म्हणजे नमुना अस्वच्छ. ही नळी फक्त चोवीस तासांच्या नमुन्याची केली होती. तो स्वच्छ निघाला, तर बाकीचेही असतील असं सगळे धरून चालले होते. टिपणीसांच्या फोटोतली रेघ दोन तासांच्या नमुन्याची होती.

चूक कुठे झाली, हे टिपणीसांना फोटो बघताक्षणी कळलं होतं. गेल्या वर्षीच्या जानेवारीतला धुक्याचा दिवस. डीएनए नष्ट करणारं द्रव्य घालून दोन तासांच्या नमुन्याच्या नळ्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायच्या होत्या. बत्ती गेली. जनरेटरवाला जागेवर नव्हता. टिपणीस खाली जाऊन त्याच्यावर खेकसून आले आणि घड्याळात अर्धा तास भरला तेव्हा त्यांनी नळ्या काढल्या. पाण्यात बोट घालून बघायचं त्यांना सुचलं नाही. पाणी कधीचंच गार पडलं होतं.

"हल्की सी लाइन है," खन्ना आवाज उतरवून म्हणाले. "किसी ने माँगी नहीं, किसी को दिखानी नहीं. और यार, नाम तो आपका भी है उसमें."

"इसीलिए तो कह रहा हूँ, सर."

खन्नांनी कपाळावर हात मारला. "वैभवी को आप बताइए. मैं नहीं बताऊँगा."

वैभवी लातूरची. त्यांना काका म्हणायची. फोटो बघून ती एकदम उसळली.

"तुम्हाला आत्ताच कसं सुचलं हो? नऊ दिवस गप्प बसवलं नाही?"

"अगं, रिकामा होतो."

"रिकामे होतात! पुढच्या महिन्यात मला गुरगावला रुजू व्हायचंय, काका. ह्याच जनुकावर. तुम्ही रिटायर होऊन जाल. मी काय करू?"

तिने फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"सर हल्की म्हणतात. हल्की आहे का?"

"नाही."

"दोन तासांचं गेलं तर लेखात उरतं काय?"

"सहा तासांचं. तेही परत तपासावं लागेल."

"अरे यार, काका!"

तिने कॉम्प्युटर सुरू केला. लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहायला तिला दहा मिनिटं लागली. पाठवायला तासभर. तो तासभर टिपणीस तिच्या खुर्चीमागे उभे होते. ती त्यांना बसा म्हणाली नाही.

लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये ते पोचले तेव्हा कौशल्याबाई मटार सोलत होत्या. टिपणीसांनी बूट काढता काढताच सांगून टाकलं.

"नाव येणार नाही म्हणजे?" त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगून बसलेय मी! पार्टी कधी म्हणून शेजारच्या अरुणाताई रोज विचारतात."

"लेखच मागे घेतला. चूक निघाली."

"तुमच्या त्या मेल्या कोळंबीला आत्ताच चुका सुचतात!"

तेवढ्यात फोन वाजला. अरुणाताईच. टिपणीस तोंड धुवायला न्हाणीघरात गेले. नळाला पाणी नव्हतं. बालदीतलं घेताना बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाही हो, इतक्यात नाही... अच्छा, ऐका ना. मोठी चूक होती म्हणे त्यात. कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बिल्कुल! मोठमोठे सायंटिस्ट सगळे... ती ह्यांनी पकडली."

टिपणीस ओल्या तोंडानेच दारात आले.

"केलीही मीच होती," ते चिडून म्हणाले. "तेही सांग."

कौशल्याबाईंनी रिसीव्हरवर तळहात दाबला. नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर ठिबकत होतं.

मग तळहात काढून त्या म्हणाल्या, "हो, आणि केलीही ह्यांनीच होती."